पडवीतलं गॅरेज

शिवणयंत्राचा पट्टा ढिला पडला म्हणून कोणी कारागीर बोलावत नाही. कुकरची रबरी रिंग, मिक्सरचं पातं, नळाचा वायसर ही कामं तर आपण बोलता बोलता उरकतो. त्यातून वऱ्हाडातल्या गृहिणीचा कूलरशी जन्माचा संबंध! दर एप्रिलमध्ये ताट्यांचं गवत बदलायचं, पंपातला गाळ काढायचा, पंखा करकरू लागला तर बुशात तेलाचे दोन थेंब सोडायचे. पेचकस, पक्कड आणि तेलाची बुधली आपल्या हातांना नवी नाही. अडतं ते अंगणात उभ्या असलेल्या गाडीपाशी. तिथे "काहून वं माय, हे तुले जमते काय?" असं दुसरं कोणी म्हणायच्या आत आपण स्वतःच स्वतःला म्हणून टाकतो.

गाडी तरी आता एक कुठे राहिली आहे? १९७२ साली कायनेटिकची लुना आली, त्याच साली बजाजची चेतक आली. तेव्हा आळीत एखादी गाडी असे आणि ती पुसायलासुद्धा मुलांची चढाओढ लागे. (दोघी मध्यंतरी बंद झाल्या आणि विजेवर चालणाऱ्या होऊन परतल्या, चेतक २०२० मध्ये, लुना २०२४ मध्ये.) आज अमरावतीच्या साईनगरात काय किंवा अकोल्याच्या जठारपेठेत काय, यजमानांची मोटारसायकल, बाईंची स्कूटर, मुलाची आणखी एक आणि जमलं तर सेकंडहॅंड मोटार, असा तांडा दारात असतो. शाळेवर, दवाखान्यात, बँकेत नोकरी करणाऱ्या बायका तेल्हारा, दर्यापूर, चांदूरबाजारच्या वाटेने रोज जाऊन येतात. त्या वाटेवर क्लचची केबल तुटली तर पुढचा फिटर दोन-तीन कोसांवर. म्हणून घरी गाडीचं काम करण्यासाठी एक जागा असावी आणि ती घरातल्या बाईला माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं. बंडीच्या चाकाला वंगण घालणं हे पूर्वी घरचंच काम होतं, ते शहरात आल्यावर सुटलं इतकंच.

घरी गॅरेज म्हटलं की पुरुषमंडळींच्या डोळ्यांपुढे भिंतभर टांगलेले पाने आणि हवेचा कॉम्प्रेसर येतो. एवढं काही लागत नाही. चाकांतली हवा बघणं, चेन ताणणं आणि तिला तेल देणं, इंजिनाचं ऑईल बदलणं, एअर फिल्टर साफ करणं, स्पार्क प्लग काढून पुसणं, ब्रेक आणि क्लचच्या केबली घट्ट-सैल करणं, बॅटरीकडे लक्ष ठेवणं, मोटार असली तर पंक्चर झालेलं चाक बदलणं. वर्षभरातल्या कुरबुरींपैकी बऱ्याचशा यातच संपतात.

आधी जागा, मग पाने

बहुतेक घरांत या कामाला पडवी नाहीतर मागच्या दारची टिनाची शेड मिळते. पाने विकत घ्यायच्या आधी या जागेभोवती एकदा फिरून या आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, कापूस. दिवाळी उलटली, वेचणी झाली आणि भावासाठी थांबायचं ठरलं की वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत कापूस पडवीत, ओसरीवर, प्रसंगी बैठकीच्या खोलीतही रचलेला असतो. त्याच्या शेजारी ग्राइंडर चालवणं किंवा बॅटरीच्या तारा जोडणं म्हणजे होळीला आमंत्रण. कापूस घरात असेल तितके महिने गाडीचं काम अंगणात, पार दुसऱ्या टोकाला. याला अपवाद करू नका.

दुसरी, गॅसची शेगडी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि उंबरा ओलांडून स्वयंपाकघरातल्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. तिथे पेटली की आग उलट गाडीकडे धावते. कार्ब्युरेटर किंवा पेट्रोलचा कॉक उघडायचा असेल त्या वेळी शेगडी बंद, देवघरातलं निरांजन शांत आणि मधलं दार लावलेलं हवं. घरात तसं सांगून ठेवायचं: "आता अर्धा तास चहा मागू नका."

तिसरी, हवा. मे महिन्यात उन्हाच्या झळा आत येऊ नयेत म्हणून आपण दारं-खिडक्या गच्च लावून घेतो. अशा बंद जागेत इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, पेंग येते आणि माणूस तिथेच बसून राहतो. इंजिन चालू करून बघायचं असेल तर गाडी उघड्यावर ढकलत न्यावी. "एकच मिनिट" म्हणूनसुद्धा आत नको.

नवीन शेड बांधणार असाल तर जमिनीबद्दल थोडं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर नुसता कोबा केला तर दोन पावसाळ्यांत तो तडकतो, आणि तडकलेल्या जमिनीवर जॅक सरळ उभा राहत नाही. खालची काळी माती खणून काढायची, मुरूम भरून पाणी मारून चांगला धुमसायचा आणि त्यावर काँक्रीट टाकायचं. किती खोल खणायचं ते गवंड्याला विचारा, पण "जाऊ द्या बाई, एवढ्याशा शेडला काय लागते" असं तो म्हणाला तर ऐकू नका. गुळगुळीत शहाबादी फरशी मात्र इथे नको. तिच्यावर तेल सांडलं की पाय घसरतो आणि जॅकही. टिनाखाली उन्हाळ्यात भाजून निघतं, तेव्हा समोरासमोर दोन मोकळ्या बाजू ठेवा आणि काम सकाळी नऊच्या आत आटपा.

पाने कोणते घ्यावेत

आता पान्यांकडे वळू. दुकानात एकशे आठ नगांची चकचकीत पेटी दाखवतात. ती घेऊ नका. तिच्यातले निम्मे नग जन्मात लागत नाहीत, आणि जे लागतात ते नरम लोखंडाचे निघाले तर पहिल्याच घट्ट नटाशी फाकतात. नटाची टोकं घासली गेली की मग छिन्नी-हातोडीशिवाय इलाज नाही. त्यापेक्षा थोडे पाने, पण क्रोम-व्हॅनेडियमचे घ्यावेत. नाशिकला होणारी टापरियाची हत्यारं अमरावती-अकोल्याच्या हार्डवेअरच्या दुकानांतून मिळतात. जालंदर-लुधियानाकडचीही चांगली असतात.

सुरुवातीला दुतोंडी पाने ८-९, १०-११, १२-१३, १४-१५ आणि १६-१७ या मापांचे. याच मापांतले रिंग पाने शक्य तर त्याबरोबरच, कारण रिंग पाना नटाला सगळीकडून धरतो आणि सटकत नाही. दुचाकीवर सगळ्यांत जास्त चालतो तो १० आणि १२ चा टी-पाना. मागच्या चाकाचा मोठा नट गाडीगणिक वेगळा, त्यामुळे तो पाना घेताना गाडीच सोबत नेलेली बरी. प्लगचंही तसंच. जुन्या स्कूटरींच्या प्लगला २१ चा पाना लागे, आताच्या बऱ्याच मोटारसायकलींना १६ चा लागतो. फुलीचे दोन पेचकस, एक मध्यम, एक जाड. टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसलं पाहिजे, सैल बसणारा पेचकस खाच खाऊन टाकतो. पक्कड, नाकाड्या पक्कड, मध्यम हातोडी, तारेचा ब्रश, पायपंप आणि हवा मोजायचं गेज. नळाच्या कामाचा स्क्रू-पाना घरात असतोच, पण गाडीला तो शेवटचा उपाय म्हणून. त्याची पकड ढिली असते आणि नट गोल करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

ऑईलचा खालचा बोल्ट आवळताना एक जपायचं. इंजिनाचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं. लांब पाना घेऊन सगळा जोर लावला तर आटे उडतात आणि शंभर रुपयांच्या कामाला हजारांचा खर्च बसतो. पाना दांड्याच्या मध्यावर धरायचा, हाताला अडलं की वर थोडासाच दाब द्यायचा आणि वायसर दर वेळी नवा टाकायचा. बरणीचं झाकण किती घट्ट लावायचं हे ज्या हाताला कळतं, त्याला हेही दोन-तीन वेळांत कळतं. उलट घरातले दांडगे पुरुषच इथे आटे घालवतात, असा माझा अनुभव आहे!

सुटे भाग ठेवायला जुना मिसळणाचा डबा फार कामाचा. सात वाट्या, सात जागचे स्क्रू, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने वाट्या भरायच्या, म्हणजे जोडताना "हा एक उरला कुठला?" असं होत नाही. पावसाळ्यात पान्यांवर गंज चढतो. काम झालं की तेलाच्या फडक्याने पुसावेत आणि पेटीत खडूचे चार तुकडे टाकावेत. खडू ओल ओढून घेतात.

धोक्याच्या दोन जागा

फिटर लोक सुटे भाग पेट्रोलमध्ये धुतात हे आपण रोज बघतो. घरी ते करायचं नाही. "मग रॉकेलमध्ये धुते," असं म्हणाल, तर त्यातही आपल्या हवेचा विचार केला पाहिजे. रॉकेल काय, डिझेल काय, ती पेट्रोलइतकी चटकन पेटत नाहीत ही गोष्ट थंड हवेतली. साधारण ३५-४० अंशांच्या पुढे रॉकेललाही पेटण्याजोगी वाफ सुटू लागते, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. २०२४ च्या मेमध्ये तर उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात १४४ कलम लावावं लागलं होतं. तापलेल्या टिनाखाली दुपारच्या वेळी रॉकेलचं उघडं घमेलं पेट्रोलच्या घमेल्यासारखंच समजावं. चेन, मडगार्ड, ब्रेकचं आवरण यांच्यावरचा बराचसा मळ भांड्यांच्या साबणाने आणि ब्रशने निघतो. उरलेल्याला सकाळच्या गारव्यात थोडं डिझेल पुरतं. हाताशी वाळूची बादली आणि पावडरचं छोटं अग्निशामक नळकांडं हवं. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नका, आग पाण्याबरोबर पसरते.

दुसरी जागा जॅकची, आणि इथे मी हात जोडून सांगते. मोटारीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. डोकं नाही, हात नाही, लोळत गेलेला नट काढायला मुलाचा पायसुद्धा नाही. जॅक सरकतो, जमीन खचते, गाडी हलते, आणि सावरायला सेकंदसुद्धा मिळत नाही. विटा रचून गाडी टेकवणं त्याहून वाईट. वीट वरून भक्कम दिसते, पण एका कोपऱ्यावर भार आला की भुगा होऊन बसते. खाली काम करायचंच असेल तर लोखंडी घोडी मिळते. ती जोडीने घ्यावी, तिच्यावर किती वजनाचा आकडा छापला आहे तो बघून. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, हातब्रेक ओढलेला, जमिनीवरच्या चाकांना पुढे-मागे दगडाचं किंवा बाभळीच्या ओंडक्याचं अटकाण. गाडी घोडीवर टेकल्यावर बाहेरूनच तिला दोनदा जोराने ढकलून बघायचं. हलली तर उतरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. घरातल्या कर्त्या माणसाला हे सांगताना वाद होतो, ठाऊक आहे. "इतकी वर्षं असंच करतो" हे उत्तर येतं. येऊ द्या. घोडी घरात येईपर्यंत जॅकचा दांडा तुमच्या कपाटात ठेवा.

खारं पाणी आणि बॅटरी

दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या बाजूच्या वाचकांना खारपाणपट्टा काय ते सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे विहिरी-बोअरचं पाणी डाळ शिजू देत नाही आणि साबणाला फेस येऊ देत नाही. गाडीलाही ते सोसत नाही. बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन तशीच उन्हात उभी केली की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मग मडगार्डच्या आतून, चेनवर, नटांच्या कडांवर गंज धरतो. शेवटची बादली पावसाच्या साठवलेल्या किंवा नळाच्या गोड पाण्याची घ्या आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. मडगार्डमध्ये काळ्या मातीचा गोळा अडकू देऊ नका. तो वाळून दगड होतो आणि ओल धरून पत्रा खातो.

रेडिएटरमध्ये आणि बॅटरीत तर हे पाणी कधीच नाही. उकळून घेतलं तरी चालत नाही, कारण उकळल्याने क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. आरओचंही बॅटरीला चालत नाही. डिस्टिल्ड वॉटरची बाटली स्वस्त असते, तीच आणावी. ज्या बॅटरीला पाण्याची झाकणं आहेत तिची पातळी आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी बघायला हवी. तारा सोडवताना आधी वजा खुणेची, जोडताना ती शेवटी. म्हणजे पाना चुकून गाडीच्या अंगाला लागला तरी ठिणगी उडत नाही. टोकांवर पांढरा-हिरवा साका धरला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो फसफसून निघून जातो. सोडा झाकणातून आत मात्र जाऊ देऊ नका.

चाकांतली हवाही सकाळीच बघावी. दुपारी तापलेल्या डांबरावरून आलेल्या चाकात गेज तीन-चार पौंड जास्त दाखवतं. ती जास्तीची हवा काढून टाकली तर दुसऱ्या दिवशी चाक कमी हवेवर धावतं. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता असा सुरेख झाला की गाडी पळवावीशी वाटते, तेव्हा झिजलेला टायर आणि सैल ब्रेक घरीच दिसलेला बरा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रेक बघाच. चढताना काही कळत नाही, उतरताना कळतं.

कपडे, हात आणि मुलं

काम करताना पदर आणि ओढणी नको. चेनमध्ये ओढणी अडकली तर ती सोडवायला वेळ मिळत नाही. घरातला जुना फुल बाह्यांचा शर्ट घालावा, केस बांधावेत. बॅटरीला हात लावताना बांगड्या-अंगठ्या काढाव्यात आणि मंगळसूत्र आत सारावं. धातूची बांगडी बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकली तर क्षणात लाल होते. हात काळे होतील म्हणून मागे राहू नका. कामाआधी ओल्या साबणाच्या वडीवर नखं ओरबाडून घ्या, काळं नखांत शिरत नाही. नंतर खोबरेल चोळून वर थोडी साखर आणि साबण. पेट्रोलने हात धुतल्याने कातडी फाटते. जमिनीवर सांडलेल्या ऑईलवर चुलीची राख किंवा लाकडाचा भुसा टाकून तासाभराने झाडून घ्यावं.

मुलांच्या बाबतीत कडक राहा. शीतपेयाच्या बाटलीत पेट्रोल किंवा ऑईल भरून ठेवणं हा आपल्याकडचा फार वाईट रिवाज आहे. तहानलेलं पोर बाटलीवरचं चित्र बघतं, आतलं बघत नाही. नळीने पेट्रोल तोंडाने ओढणंही तसंच. घोट फुप्फुसात गेला तर दवाखाना गाठावा लागतो, आणि तेव्हा ओकारी काढायला लावू नये. रेडिएटरमधलं हिरवं-गुलाबी कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असतं. उंच फळी, कुलूप आणि किल्ली आपल्याजवळ.

२०२० च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलचं इंजेक्शन आलं. त्याची तक्रार यंत्र लावूनच कळते, घरी खोलून नाही. विजेच्या स्कूटरची बॅटरी उघडायचीच नाही. तिच्यासाठी चांगल्या अर्थिंगचं वेगळं बटन मात्र पडवीत करून घ्यावं. इंजिन उघडणं, गिअर, मोटारीचे ब्रेक हे सगळं फिटरचं. मुलीला या कामाची खरीच गोडी लागली तर अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे शासकीय आयटीआय आहेत, आणि मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो.

राहिलं ते काढलेलं काळं ऑईल. वाळवी लागू नये म्हणून ते खांबांना, दाराच्या चौकटींना फासण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. घरात हात लागतील अशा ठिकाणी ते फासू नये, त्यात कातडीला अपायकारक द्रव्यं असतात. नालीत किंवा विहिरीच्या कडेला तर ओतायचंच नाही. झाकणाच्या डब्यात साठवा, डब्यावर मोठ्या अक्षरांत "जळकं ऑईल" असं लिहा आणि डबा भरला की आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे द्या. जुनं ऑईल विकत घेणारे त्यांच्याकडे येत असतात.